उचल

रुग्णालयातून घरी सोडताना जो कागद हाती पडला, त्यावर औषधांच्या यादीखाली सात सूचना छापलेल्या होत्या आणि त्यांतली चौथी, कोणीतरी निळ्या शाईने मुद्दाम अधोरेखित केलेली, अशी होती : 'सहा आठवडे कोणतेही जड वजन उचलू नये.' तहसील कचेरीत २६ वर्षे काढलेल्या माणसाला कोणताही हुकूम वाचताना तीन प्रश्न मनातल्या मनात विचारून घेण्याची सवय जडलेली असते. हुकूम कोणी काढला, कोणावर काढला आणि त्याची बजावणी कोणी करायची? पहिल्या दोहोंची उत्तरे कागदावर स्पष्ट होती. तिसऱ्याचे उत्तर मात्र छापील सूचनांत कोठेच नव्हते. आणि पुढचे पाच महिने मी ज्या गोष्टीचा विचार करीत राहिले ती खरे पाहता एवढीच, की बाईने उचलायचे नाही असा हुकूम झाला, तर तिने खाली ठेवलेले ओझे उचलायचे कोणी?

'उचल' हा शब्द आमच्या दप्तरात इतका रुळलेला, की त्याच्याकडे थांबून पाहण्याची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. पुरवठा शाखेत असताना रास्त भावाच्या दुकानदारांनी महिन्याच्या धान्याची उचल केली की नाही, याचा तक्ता मीच भरीत असे. शिपाईमंडळी मुलीच्या लग्नासाठी पतपेढीतून उचल घेत, तिच्या अर्जावर जामीन म्हणून माझी सही असे. वरिष्ठांची मर्जी फिरली की एखाद्या कारकुनाची उचलबांगडी होई. आणि निवडणुकीच्या दिवसांत बांधावरून झालेल्या जुन्या तक्रारी हटकून उचल खात. ओझे हाती घेणे आणि पैसा आगाऊ घेणे या दोन क्रियांना मराठीने एकच शब्द द्यावा यात काही शहाणपण दडलेले असेल, असे मात्र उताणे पडून छताचे वासे मोजण्याचे दिवस येईपर्यंत मला वाटले नव्हते.

डॉक्टरीणबाईंनी तोंडी सांगितलेली मर्यादा २ किलोंची होती. गणिताचे शिक्षक असलेल्या ह्यांना 'जड' या विशेषणावर विसंबणे मंजूर नसल्यामुळे, घरी आल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी माळ्यावरून रद्दी तोलण्याचा जुना ताणकाटा काढला, त्याचा गंजलेला आकडा पुसला आणि स्वयंपाकघरातली एकेक वस्तू त्याला लटकवून ते वजने वहीत मांडू लागले. दुधाचे भरले पातेले २ किलो ३०० ग्रॅम. वरणभाताचे डबे घातलेला कुकर ४ किलो ६००. कणकेचा डबा ६ किलो. आणि न्हाणीतली भरली बादली १५ किलोंच्या वर. मर्यादेबाहेरच्या प्रत्येक वस्तूवर त्यांनी तांबडा ठिपका चिकटवला. संध्याकाळी खुर्चीत बसून मी पाहिले, तर चहाचे आधण, पोळपाट आणि मिठाची बरणी एवढी मंडळी सोडल्यास सगळे स्वयंपाकघर गोवर आल्यासारखे दिसत होते. वही मिटून ते बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, "तू हे सगळं रोज उचलतेस?" चोवीस वर्षांच्या संसारात हा प्रश्न आज पहिल्यांदा सुचला म्हणून रागवावे, की उशिरा का होईना पण सुचला म्हणून समाधान मानावे, याचा निर्णय मला करता येईना, तेव्हा तो तहकूब ठेवून मी त्यांना, माळ्यावरच्या गाद्या अजून तोलायच्या राहिल्या आहेत, एवढेच सांगितले.

बायकांच्या बोलण्यात या शस्त्रक्रियेचे नाव 'पिशवी काढणे' असे आहे. गर्भाशय हा शब्द पाठ्यपुस्तकात राहतो; घरात, न्हाणीत आणि नदीच्या पायरीवर चालते ती पिशवी. ती काढण्याची वेळ माझ्यावर एका दिवसात आली नाही. पाच वर्षे अंगावरून जात होते आणि पाच वर्षे मी ते अंगावर काढीत होते. या दोन वाक्प्रचारांतले अंतर केवळ एका प्रत्ययाचे असले, तरी आमच्या पिढीतल्या कितीतरी स्त्रियांच्या चाळिशीची हकीकत त्या एका प्रत्ययात मावते. मार्चअखेरीची वसुली संपू दे, मुलाची बारावी होऊ दे, सासूबाईंचे वर्षश्राद्ध पार पडू दे, अशा मुदती मी स्वतःच मागे आणि स्वतःच मंजूर करी.

त्या काळात शरीराचा जमाखर्च कसा चालला होता, हे मला पुढे डॉक्टरांनी आकड्यांत समजावले, आणि आकड्यांत सांगितल्यामुळेच ते माझ्या डोक्यात शिरले. एका मिलिलिटर रक्तात साधारण अर्धा मिलिग्रॅम लोह असते. एका पाळीत ८० मिलिलिटरांहून अधिक रक्त गेले, तर वैद्यकशास्त्र त्याला अतिस्राव म्हणते. म्हणजे एवढ्यातच ४० मिलिग्रॅम लोह खर्ची पडले. उलट, रोजच्या अन्नातून अंगी लागणारे लोह १ ते २ मिलिग्रॅम, आणि त्यातलेही पुष्कळसे रोजच्या झिजेतच जाणारे. गर्भाशयातल्या गाठींमुळे माझा खर्च त्या मर्यादेच्या कितीतरी पुढे गेलेला. तूट भरून काढण्यासाठी शरीर यकृतातल्या आणि अस्थिमज्जेतल्या साठ्याला हात घालते, आणि तो साठा संपेपर्यंत वरून काही दिसत नाही. मग जिना चढताना धाप लागते, केस गळतात, कचेरीत दुपारी तीन वाजता अक्षरे पुसट होतात. आपण म्हणतो, वय झाले. स्त्रीच्या रक्तात हिमोग्लोबिन १२ च्या खाली नसावे असा जागतिक आरोग्य संघटनेचा दंडक आहे, माझे ७.८ भरले. यात माझे वैशिष्ट्य काहीच नव्हते, कारण २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, देशातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रिया या रेषेच्या खालीच आढळल्या होत्या. मी पाच वर्षे स्वतःच्या शरीराकडून उचल घेत होते, परतफेडीचा हप्ता एकही भरला नव्हता, आणि कार्तिकातल्या एका सकाळी सावकाराने दार ठोठावले, एवढेच.

शस्त्रक्रियेच्या वेळेविषयी लिहिण्यासारखे माझ्यापाशी काही नाही, कारण त्या अडीच तासांत मी हजर नव्हते. हजेरी लागली ती दुसऱ्या दिवशी सकाळी, जेव्हा परिचारिकेने मला उठून उभे राहायला सांगितले आणि अठ्ठेचाळीस वर्षे बिनदिक्कत केलेली एक क्रिया मला नव्याने शिकवली. सरळ उठायचे नाही. आधी गुडघे दुमडायचे, मग ओंडका लोटावा तसे सबंध अंग एका कुशीवर करायचे, पाय खाटेखाली सोडायचे आणि त्यांच्या भाराने धड वर येत असताना खालच्या हाताने गादी रेटायची. खोकला आला तर पोटाशी उशी घट्ट धरायची. तीन निळे चेंडू असलेल्या एका पारदर्शक खेळण्यातून श्वास ओढून ते चेंडू वर तरंगत ठेवायचे, म्हणजे फुप्फुसांच्या तळाशी कफ साचत नाही. पोटऱ्यांत रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून खोलीच्या दारापर्यंत चालायचे. ती आठ पावले होती. दारापाशी पोचल्यावर समोरच्या भिंतीवरचे घड्याळ मी अशा कृतार्थतेने पाहिले, की पंढरपूरला पायी गेलेल्या वारकऱ्याने कळसाकडे त्याहून अधिक कृतार्थतेने पाहिले असेल असे मला वाटत नाही.

त्या दिवसांत शस्त्रवैद्यकाच्या इतिहासावरच्या एका पुस्तकात मला जेन क्रॉफर्ड भेटली. १८०९ सालच्या डिसेंबरात अमेरिकेतल्या केंटकी राज्यात, डॅनव्हिल या गावी, एफ्राइम मॅकडॉवेल नावाच्या डॉक्टरने या पंचेचाळिशी गाठलेल्या बाईच्या उदरातून साडेबावीस पौंडांची बीजकोशाची गाठ काढली. भुलीच्या औषधाचा पहिला जाहीर प्रयोग व्हायला अद्याप ३७ वर्षे अवकाश होता. बाई ६० मैल घोड्यावर बसून आली होती. शस्त्रक्रिया २५ मिनिटे चालली आणि तेवढा वेळ ती स्तोत्रे म्हणत होती. इतिहासकार तिचे धैर्य वर्णितात, आणि ते वर्णनीयच आहे. परंतु माझे लक्ष त्या हकिकतीतल्या एका बारीक तपशिलावर खिळून राहिले. पाचव्या दिवशी डॉक्टर तिला पाहायला खोलीत शिरले, तेव्हा ही बाई आपले अंथरूण आवरीत होती. डॉक्टर चकित झाले आणि पुढे असे काही करू नये अशी त्यांनी तिला सक्त ताकीद दिली. ती २५ दिवसांनी घोड्यावरूनच घरी परतली आणि त्यानंतर ३२ वर्षे जगली. पोट फाडून शिवलेले आहे, जग तोपर्यंत अशक्य मानीत आलेली गोष्ट आपल्या देहावर घडून गेली आहे, आणि तरीही चुरगळलेली चादर दिसताच हात पुढे जातो! दोनशेहून अधिक वर्षे, सात समुद्र आणि भाषेची भिंत ओलांडून मला त्या हाताची ओळख पटली, कारण आदल्याच दिवशी परिचारिकेची पाठ वळताच मी सलाईनची सुई सांभाळीत पायथ्याची शाल घडी घालून ठेवली होती.

घरी आल्यावर चौथ्या दिवशी पसरणीच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या आतेसासूबाई, एक पत्र्याची ट्रंक आणि आळिवाची पुरचुंडी घेऊन आल्या. वय ७६, अंगकाठी वाळक्या शेवग्यासारखी, बोलणे थोडे आणि तोडून टाकणारे. त्यांनी आल्या आल्या परड्याकडचे दार लावून घेतले, माझ्या कानाला रुमाल बांधला आणि डिंक तळायला घेतला. मला अवघडल्यासारखे झाले. मी म्हटले, "आत्याबाई, हे बाळंतपण थोडंच आहे? तीन दिवसांत घरी सोडलंय. इतकं कशाला?" कढईतला डिंक फुलत होता, त्यावरची नजर न काढता त्या म्हणाल्या, "पिशवी भरली तेव्हा सव्वा महिना, आणि काढली तेव्हा तीन दिवस? कुठल्या पंचांगात आहे गं हे?"

या प्रश्नाने मी निरुत्तर झाले आणि पुष्कळ दिवस तशीच राहिले. आमच्या समाजाने स्त्रीच्या विश्रांतीची जी एकमेव सनद दिली आहे ती बाळंतिणीला. तिला बाज, शेक, धुरी, तूपभात, खारीक-खोबरे, दाराशी कडुलिंबाचा डहाळा आणि सव्वा महिना कामाची माफी; परंतु बारकाईने पाहिले तर ही माफी तिच्या नावे नसते. ती इनामजमीन बाळाच्या नावे असते आणि आई केवळ वहिवाटदार. पाजणारी सुदृढ हवी म्हणून तिची सरबराई. पन्नाशीच्या उंबरठ्यावरच्या स्त्रीची पिशवी काढली, की सनदेचे कारणच संपते, म्हणून तिच्यासाठी ना विधी, ना पदार्थ, ना दिवसांची गणती. शेजारणी येतात, मोसंबी ठेवतात आणि 'आता सुटलात बाई एकदाच्या' म्हणून उठतात. सुटले ते काय आणि राहिले ते काय, याचा पंचनामा करायला कोणी थांबत नाही. आत्याबाईंनी शास्त्रात नसलेला एक विधी स्वतःच्या जबाबदारीवर सुरू केला, आणि तो करताना माझ्या कानात भलते तत्त्वज्ञान न ओतता, रोज सकाळी एक लाडू, दुपारी मटकीची उसळ आणि रात्री हळदीचे दूध माझ्यापुढे ठेवून, मी ते संपवीपर्यंत त्या समोर बसून राहत.

तरीही तिसऱ्या आठवड्यात माझे मन खचले. डॉक्टरांनी पिशवीबरोबर दोन्ही बीजकोशही काढले होते. त्यामुळे जी रजोनिवृत्ती निसर्ग चार-पाच वर्षांत हप्त्याहप्त्याने देतो, ती मला एकरकमी मिळाली. रात्री दोनला अंगातून ज्वाळा निघाव्यात तसे होई, पाठोपाठ घाम आणि थंडी. पहाटे चारपर्यंत डोळा लागत नसे, आणि मग कोणतेही कारण नसताना रडू येई. टाके सुकले, ताप नाही, भूक लागते, म्हणजे बाई बरी आहे असे सर्वांनी ठरवले होते, आणि बरी ठरलेल्या बाईने रडणे ही बेकायदा कृती होती. तेव्हा मी चालण्याचा आश्रय घेतला. मधल्या आळीतून गणपतीच्या घाटापर्यंतचे अंतर निरोगी माणसाला पाच-सात मिनिटांचे. पहिल्या दिवशी मला वीस लागली आणि परतीच्या वाटेवर दोनदा लोकांच्या ओट्यांवर बसावे लागले. पण रोज जाऊ लागले. रास्त्यांनी बांधलेल्या ढोल्या गणपतीच्या देवळाची मागची भिंत होडीच्या नाळेसारखी निमुळती केलेली आहे, म्हणजे कृष्णेला पूर आला की पाणी त्या धारेवर दुभंगून दोहो अंगांनी निघून जावे. लहानपणापासून पाहिलेली ती भिंत मी आता कठड्याला टेकून धाप ओसरेपर्यंत पाहत बसे, आणि त्या जुन्या कारागिराच्या अकलेचे मला नवल वाटे. पुराचा सगळा लोट एकट्या छातीवर घेण्याची मर्दुमकी त्याने देवाच्याही माथी मारली नव्हती.

सहा आठवड्यांची मुदत संपली, मी कचेरीत अर्धा दिवस रुजू झाले. आणि तीन महिन्यांनी तपासणीला गेले, तेव्हा एक विलक्षण गोष्ट घडली. ज्या डॉक्टरीणबाईंनी 'उचलू नका' म्हणून बजावले होते, त्याच आता 'उचला' म्हणून बजावू लागल्या. बीजकोश गेल्यामुळे हाडांची झीज वेगाने होणार. चाळिशीनंतर स्नायूही हळूहळू आटतच असतात. आणि हाडांना व स्नायूंना बळ राखण्याची एकच भाषा समजते, ती म्हणजे भार. चालणे उत्तम, पण पुरेसे नाही. व्यायाम शिकवणारी एक तरुण मुलगी मग मला दर आठवड्याला धडे देऊ लागली. हाताचा आधार न घेता खुर्चीतून दहा वेळा उठणे-बसणे. भिंतीला तळवे लावून तिला रेटणे. ओट्याला धरून टाचा उचलणे. पाठीवर निजून, श्वास सोडता सोडता, ओटीपोट आणि त्याचा तळ आतल्या आत वर ओढून धरणे. मग एकेक लिटर पाण्याच्या दोन बाटल्या, मग २ किलोंची तांदळाची पिशवी, मग ३. 'गुडघ्यात वाका, वस्तू पोटाशी आणा, आणि उचलताना श्वास सोडा, कोंडू नका', हे तिचे ब्रीदवाक्य. आजवर मी प्रत्येक हंडा श्वास कोंडूनच उचलला होता, हे मला तेव्हा कळले. आणि बाई म्हणून आणखी काय काय आपण श्वास कोंडून उचलले, या विचाराने त्या दिवशीची आवर्तने चुकली. ह्यांनी ताणकाटा पुन्हा काढला आणि एकेक तांबडा ठिपका खरवडून टाकायला सुरुवात केली. परंतु काही ठिपके त्यांनी जागच्या जागी राहू दिले, आणि त्या वस्तू, म्हणजे कुकर, कणकेचा डबा आणि बादली, आजतागायत तेच उचलतात.

त्याच तपासणीच्या वेळी मी डॉक्टरांना विचारले होते की, मी पुन्हा पहिल्यासारखी कधी होईन. त्यांनी खरे उत्तर दिले. त्वचा आणि चरबीखाली जो चिवट पांढरा पडदा पोटाचा भार पेलतो, तो शिवल्यानंतर महिनोन्महिने बळ धरीत राहतो. जखमेच्या व्रणाचे बळ तीनेक महिन्यांत मूळच्या सुमारे ८० टक्क्यांपर्यंत पोचते, आणि पुढे कितीही वर्षे लोटली तरी पूर्ण १०० होत नाही. हे सांगताना त्यांचा स्वर जरा मृदू झाला, कारण रुग्ण खट्टू होतो असा त्यांचा अनुभव असावा. त्यांना हे ठाऊक नव्हते, की समोर महसूल खात्यातली अव्वल कारकून बसली आहे, जिने दरसाल गावोगावच्या पैसेवारीचे तक्ते तपासले आहेत. पन्नास पैशांखाली पीक गेले तर आम्ही टंचाई जाहीर करतो. ऐंशी पैसे पैसेवारी लागलेल्या गावाने रडगाणे गायल्याचे माझ्या ऐकिवात नाही. मी म्हटले, "ऐंशी म्हणजे सुकाळ झाला की!"

माझी चाल घाटाची हद्द ओलांडून मेणवलीच्या रस्त्यापर्यंत गेली, तेव्हा पौष सरत आला होता. धोम धरणाच्या पाण्यावर पोसलेल्या उसाच्या फडांत बीडकडच्या टोळ्या उतरल्या होत्या आणि एका पडीक तुकड्यावर त्यांची पाले लागली होती. एके सकाळी पाटाच्या कडेला धुणे धुणारी एक बाई पिळे भरलेले घमेले घेऊन उठली, आणि उठताना तिने डावा तळवा ओटीपोटावर सपाट दाबून धरला. ती खूण मी ओळखली. परिचारिकेने उशी देऊन मला शिकवलेली ती मुद्रा या बाईला कोणी न शिकवता अवगत होती. बोलता बोलता कळले, की वय चाळिशीच्या आतबाहेर, पिशवी काढून बारा वर्षे झालेली. म्हणजे काढली तेव्हा तिने तिशीही ओलांडली नव्हती. मी विचारले, "मग किती दिवस निजून होतीस?" ती हसली. "निजते कशाची, बाई? महिन्यात फडावर व्हते. उचल फिटली नव्हती नं. अर्ध्या कोयत्याला कोण इचारतंय?"

नवरा-बायको मिळून एक कोयता. त्यांतले एक पडले तर उरतो तो अर्धा. हंगामापूर्वी मुकादमाकडून लाखाच्या घरातली उचल घेतलेली. एक दिवस चुकला तर खाडा मांडला जातो, आणि पाळीच्या चार दिवसांचेही खाडेच होतात. तीस-पस्तीस किलोंची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढायचे. २०१९ साली ऊसतोड स्त्रियांच्या पिशव्या काढल्या जाण्याचा प्रश्न विधान परिषदेत गाजला, डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आणि बीड जिल्ह्यातल्या सुमारे ८२ हजार ऊसतोड स्त्रियांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली आढळली. ते आकडे वर्तमानपत्रात मी कचेरीतल्या मेजावर, डब्यातली पोळी खात वाचले होते आणि वाचून घडी घातली होती. आता त्यांतला एक आकडा घमेले कमरेवर घेऊन माझ्यापुढे उभा होता. तिच्या ओटीपोटातला पांढरा पडदा माझ्यासारखाच शिवला गेला होता, त्याला बळ धरायला माझ्याइतकेच महिने हवे होते. फरक एवढाच, की मला २ किलोंची मर्यादा घालून देणारा ताणकाटा होता, आणि तिच्या टाक्यांवर पस्तीस किलोंची मोळी होती.

बळ परत येते, असे आपण म्हणतो. जणू ते गावाला गेले होते आणि आता एसटीतून उतरणार आहे. माझा अनुभव वेगळा आहे. गेलेले बळ परत येत नाही; नवे बळ उभारावे लागते, आणि ते उभारायला जे भांडवल लागते ते आजारी माणसापाशी नसतेच. ते दुसऱ्याकडून उचल म्हणून घ्यावे लागते. ही उचल कधी वेळेची असते, कधी हातांची, कधी समोर बसून लाडू संपेपर्यंत वाट पाहण्याची. माझे तीन महिने मी ह्यांच्याकडून, आत्याबाईंकडून, माझे दप्तर निमूटपणे ओढणाऱ्या दोन कारकुनांकडून आणि भरपगारी रजेच्या नियमाकडून उसने घेतले. हे सगळे माझे नशीब नव्हते की माझा निग्रहही नव्हता. ती एक बिनव्याजी उचल होती. त्या बाईलाही उचल मिळाली होती, पण ती देणाऱ्याने तिच्या देहालाच तारण ठेवले होते. दोन पिशव्या, दोन शिवणी, एकच शब्द. आणि जिच्या वाट्याला ज्या प्रकारची उचल आली, तशी ती उभी राहिली.

चैत्राच्या सुरुवातीला कारखान्याचा पट्टा पडला आणि टोळ्यांचे परतीचे दिवस आले. पाले उतरली होती. ट्रकमध्ये चुली, कोंबड्यांचे खुराडे आणि पोरे आधीच चढली होती. ती बाई गोधड्यांचे एक मोठे गाठोडे फळीपाशी ओढीत होती. मी पुढे झाले आणि दुसऱ्या बाजूची गाठ धरली. तिने माझा हात धरून बाजूला सारला. "सोडा, बाई. तुमची पिशवी आता काढलीया. म्या उचलते." बारा वर्षांपूर्वी तिला हे कोणी म्हणायला हवे होते, ते ती मला म्हणत होती. मी गाठ सोडली नाही. गुडघ्यात वाकले, गाठोडे पोटाशी आणले आणि तिला म्हटले, "श्वास कोंडायचा नाही. सोडत उचलायचं." ती खळखळून हसली; आणि हसता हसता तिचाही श्वास सुटला, तेवढ्यात गाठोडे वर गेले.

त्याचे वजन किती भरले असते, हे ह्यांनी रात्री दोनदा विचारले; पण ताणकाटा घरी खुंटीला होता.